तक्त्यातली सप्तमी

घाटा दाबला की फट् असा आवाज होतो आणि आतून नुसती हवा निघते… म्हणजे अगदीच नुसती नाही, तळाशी एक हिरवा ठिपका असतो, टाचणीच्या डोक्याहून जरासा मोठा, आणि त्याला हरभरा म्हणायचं की नाही हे शरयूला ठरवता येईना. तिने तो वाटीत टाकला. वाटीचा तळ अजून दिसत होता. सुपातल्या डहाळ्यांचा ढीग मात्र निम्म्यावर आला होता आणि बोटांना हरभऱ्याची आंब लागून ती चुरचुरत होती.

"दोन वाट्या सोलाणे हवेत," ती म्हणाली.

"तक्त्यात लिहिलंयस ना? मग होतील." विजयाबाई कणीक तिंबत होत्या, मान वर न करता म्हणाल्या. "नाहीच झाले तर तक्त्याला सांग, म्हणावं दाणे भरून दे."

विजयाबाई सकाळच्या पोळ्यांना यायच्या, आणि काकू उज्जैनला गेल्यापासून, म्हणजे दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून, त्यांचं आणि तक्त्याचं असं रोजचं चाललं होतं. शरयूला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटे. ज्याला कुणी टोमणे मारत नाही ती वस्तू कुणी पाहिलेलीच नसते, आणि तिचा तक्ता तर स्वयंपाकघराच्या दारात पाऊल टाकताच डोळ्यांत भरत होता — चार खाकी कागद खळीने जोडून केलेला, सात उभे रकाने, शाळेच्या वेळापत्रकासारखे. भाज्या हिरव्या पेन्सिलीने, उपास निळीने, तिथी लाल शाईने. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, गुरुवार निळा. सोमवारी संस्कृतचा पहिला तास, म्हणून सोमवारी निवडायची भाजी नाही. शनिवारी पुरण घातलं तर रविवारी कटाची आमटी. चाचणीच्या दिवशी पिठलं-भात, त्यात बदल नाही. असा तक्ता लष्कर पेठेत दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात नसेल. लष्करात कशाला, अख्ख्या ग्वाल्हेरीत नसेल. वर्गातल्या मुली मुद्दाम पाहून गेल्या होत्या, आणि त्यातली एक म्हणाली होती, शरयू, तू तो दीवान बनेगी, आणि ती हसली होती, पण रात्रीपर्यंत तो शब्द जिभेवर राहिला होता, पेपरमिंटसारखा.

आई गेल्यापासून तीन वर्षं काकूने हे सगळं डोक्यात ठेवून चालवलं होतं. काकू, म्हणजे थोरल्या काकांच्या मागे याच घरी राहिलेल्या कुमुदिनीकाकू. त्यांची मुलगी उज्जैनला, तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून त्या गेल्या त्या आता अक्षय्यतृतीयेच्या पुढेच यायच्या. तेव्हा अण्णा म्हणाले होते, अगदी शांतपणे, जसं ते कचेरीतल्या कागदावर शेरा मारतात तसं, की मग शरयूचं नाव तूर्त शाळेतून काढून ठेवू, पुढल्या वर्षी पुन्हा नववीत बसेल. काढून ठेवू. जशी दिवाळीची भांडी काढून ठेवतात माळ्यावर. तिला आठवतं, तिने रडायचं ठरवलंही होतं, पण रडू आलंच नाही, त्याऐवजी तिच्या तोंडून बाहेर पडलं, "महिनाभर द्या मला, अण्णा. घर चालवून दाखवते आणि शाळाही. एक दिवस चुकले तर तुम्ही म्हणाल तसं." आणि अण्णांनी चष्मा काढून तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी पाहुणी आली आहे आणि तिचं नाव आठवत नाही.

"बरं," ते म्हणाले होते. "महिनाभर पाहू. मग बाईंना चिठ्ठी लिहीन. नाव काढायची, नाहीतर राहू द्यायची."

बाई म्हणजे मुख्याध्यापिका. चिठ्ठी आज लिहायची होती.

फट्. हवा.

काकू जायच्या आदल्या दुपारी शरयूने त्यांना परातीसमोर बसवलं होतं. काकूचं सगळं माप हातात. मूठभर, चिमूटभर, हाताला कळेल तेवढं. पण माझ्या हाताला कुठे कळतं, असं म्हणत तिने त्यांना पिठात मूठ घालायला लावली आणि ती मूठ वाटीत ओतून पाहिली. काकूची मूठ म्हणजे पाऊण वाटी, चिमूट म्हणजे चहाच्या चमच्याचा चौथा भाग. काकू हसत होत्या — "अगं, माझा पंचनामा चाललाय की काय" — पण मग हळूहळू गंभीर झाल्या आणि आपल्या उघड्या पंजाकडे पाहत राहिल्या, जणू आत्ताच कळलं, की यात काही होतं. वहीत पहिल्या पानावर तिने लिहिलं: काकूंचा हात. दुसऱ्या पानावर: माझा हात. मधला फरक कंसात. त्या दिवसापासून एकदाही वरण आळणी झालं नाही. पाच शनिवार अण्णांनी तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलं, "पाहिले. ल." — लक्ष्मीकांतमधला ल, कचेरीतल्या फायलीवर करतात तीच सही, शेपटीला तोच बाक — आणि पाचही वेळा ती त्या कोपऱ्यासमोर, कुणी नाही असं बघून, थोडा वेळ उभी राहिली.

आईचं मात्र वेगळं. आईने मापं लिहून ठेवली होती. लग्नपत्रिकांच्या पाठीवर, पाकिटं उलगडून आतल्या बाजूला, बारीक उभट अक्षरात, आणि त्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. त्या वहीत उतरवायचं तिने दोनदा ठरवलं आणि दोनदा डबा बंद केला. उतरवल्या की त्या माझ्या अक्षरात येतील… तिसऱ्यांदा उतरवल्या. एकीवर फक्त एवढं होतं: सोलाण्याची उसळ. दाणे दोन वाट्या, भरलेले. कोवळे घेऊ नयेत.

आईला ही उसळ फार आवडायची. म्हणून तिच्या तिथीला ही असतेच. अण्णा श्राद्धपक्ष मानत नाहीत, भटजी येत नाहीत. पण आई सवाष्ण गेली, तेव्हा त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला बोलवायची, पुरण घालायचं, उसळ करायची, एवढं काकूने धरून ठेवलं होतं आणि अण्णांनी त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. माघ वद्य सप्तमी. तक्त्यात आजच्या चौकोनात ते लाल शाईने लिहिलं होतं, सगळ्यांत सुंदर अक्षरात, चारी बाजूंनी वेलबुट्टी काढून. महिना संपतो त्या आठवड्यातच तिथी यावी, हेही तिला आपल्या बाजूचंच वाटलं होतं. परीक्षेत शेवटचा प्रश्न नेमका आपल्याला येणाराच निघावा, तसं.

काल पाटणकर बाजाराच्या तोंडाशी मुरारहून येणाऱ्या भाजीवालीने डहाळ्यांची जुडी हातात द्यायच्या आधी जरा मागे घेतली होती. "बिन्नू, अभी दाना कहाँ पड़ा है? महीना भर ठैर जा."

"ठैर कैसे जाऊँ, हमारे यहाँ कल की तिथी है," शरयू म्हणाली होती, जरा ऐटीतच, आणि तीन जुड्या घेतल्या. यंदा थंडी लांबली असेल. धुकंही किती पडतंय.

"किती झाले?" विजयाबाईंनी विचारलं.

"एक वाटी. आणि थोडे."

"मग बटाटा घाल त्यात. कुणाला कळतंय."

"आईच्या उसळीत बटाटा नसतो."

विजयाबाईंनी हात पुसले आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्याही घाटे फोडू लागल्या. फट्, फट्. दोघींच्या मधे ती एक वाटी, आणि दुपारपर्यंत ती दीड झाली.

इंदुताई आल्या तेव्हा पुरण वाटून झालं होतं, कट उकळत होता, पाटाभोवती रांगोळी होती. इंदुताई म्हणजे आईची जिवाची मैत्रीण, गोरखीपलीकडे राहणारी. आई आजारी असताना रोज येऊन तिची वेणी घालायच्या. शुक्रवारी शाळेतून येताना शरयूने स्वतः जाऊन त्यांना बोलावणं केलं होतं. रविवारी सप्तमी, आईची, तुम्ही जेवायला या. तेव्हा इंदुताई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "तू बोलावतेस म्हटल्यावर येणारच गं." त्या पाहण्यात कौतुक होतं. शरयू रस्ताभर ते कौतुक बरोबर घेऊन आली होती, दप्तरापेक्षा जड आणि दप्तरापेक्षा चांगलं.

आता त्या पाटावर बसल्या. जेवताना कमी बोलल्या. पुरणपोळीवर तूप वाढताना "बस्स, बस्स, छोरी, मला उठायचंय इथून" म्हणाल्या. उसळीचा घास घेतला आणि चावत राहिल्या, डोळे ताटावर.

"कशी झालीय?"

"मऊ आहे. कोवळ्या दाण्यांची मी पहिल्यांदाच खातेय." आणि त्यांनी ती सगळी संपवली, बोटाने ताट निपटून, आणि पुन्हा मागून घेतली.

मग शरयूने ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळद, कुंकू. काकूंनी सांगितलेल्या क्रमाने, वहीच्या अकराव्या पानावर लिहिला होता तो क्रम. इंदुताईंनी पदर सावरला आणि जाता जाता उंबऱ्यात थांबल्या. मग आंब लागून काळपट झालेला तिचा हात हातात घेऊन त्या पाहू लागल्या.

"पुढल्या महिन्यात घाटे चांगले भरतात," त्या म्हणाल्या. "तेव्हाही येईन हं मी. बोलावलं नाहीस तरी येईन."

आणि गेल्या. गल्लीच्या वळणावर त्यांच्या लुगड्याचा काठ दिसला, मग तोही नाही.

पुढल्या महिन्यात. महीना भर ठैर जा. भरलेले… कोवळे घेऊ नयेत. दारात उभ्या उभ्या तिला आई गेली त्या दिवसाचं काही आठवलं नाही, त्यानंतरचं आठवलं. त्यानंतर आठव्या दिवशी शिवरात्र होती. घरात सुतक, देव्हाऱ्याला पडदा, आणि बाहेरून समोरच्या घरातली मुलं बेलाच्या फांद्या घेऊन ओरडत गेली होती, आणि तिला वाटलं होतं, आपण बेल आणला नाही हे आईला कळलं तर ती रागावेल. शिवरात्र. आठव्या दिवशी. आणि आता तर संक्रांतीचे तिळगूळ डब्यात आहेत, मुरारची तिळाची गजक निम्मी उरली आहे, शिवरात्रीला पाच आठवडे आहेत.

ती आत आली. स्वयंपाकघराच्या दाराआड कॅलेंडर टांगलं होतं, पाटणकर बाजारातल्या तुपाच्या दुकानातून मिळालेलं, हिंदी. पुण्याहून टपालाने येणारं पंचांग काकूने बाळाच्या बारशासाठी ट्रंकेत घालून नेलं होतं. त्या वेळी शरयूच म्हणाली होती, न्या हो, इथे कॅलेंडर आहे ना. कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली होतं: माघ कृष्ण सप्तमी. बरोबर होतं. अगदी बरोबर, आणि अगदी चूक. आपला महिना अमावास्येला संपतो आणि इथल्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच, पण वद्य पक्ष लागला की ते आपल्याहून एक महिना पुढे. त्यांचा माघ तो आपला अजून पौष. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, तेच तर… दर वर्षी समोरच्या घरातला सावन आपल्या श्रावणाच्या आधी पंधरा दिवस लागतो, आणि शाळेत तिनेच तर मुलींना हे फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं, दोन रेघा, एक खाली एक वर. टाळ्या मिळाल्या होत्या. आणि तक्ता करताना लाल शाई घेऊन मी माघ शोधला, कृष्ण शोधलं, सप्तमी शोधली, आणि किती पटकन सापडली म्हणून मला आनंद झाला.

म्हणजे आईला आज कुणी बोलावलंच नव्हतं. आज फक्त एक रविवार होता.

"शरयू, वाढतेस ना?" अण्णांचा आवाज.

तिने ताट घेतलं. वरण, भात, पोळी, कट, भजी, उसळ. हात आपोआप चालत होते, मापं चुकत नव्हती, हे तिच्या लक्षात आलं आणि विचित्र वाटलं, की एवढं सगळं एकीकडे कोसळलं तरी मीठ बरोबर पडतं. अण्णा पाटावर बसले. त्यांनी चित्राहुती घातल्या. शुक्रवारी तिने त्यांनाही सांगितलं होतं, रविवारी आईची तिथी, आणि ते हं म्हणाले होते, वर्तमानपत्रात लढाईची बातमी वाचत. काल त्यांनी तक्त्यावर सही केली होती. लाल चौकोन त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पाहिले. ल.

त्यांनी उसळ खाल्ली. थांबले.

"गोड झालीय," ते म्हणाले. "तिची इतकी गोड नसायची."

"दाणे कोवळे होते."

"हं."

एवढंच. हं म्हणजे काय? त्यांना माहीत होतं का — पहिल्या घासापासून, की शुक्रवारपासून — आणि ते गप्प बसले होते, माझ्यासाठी, इंदुताईंसारखे? की त्यांना माहीतच नव्हतं, त्यांनी तीन वर्षं ही तारीख काकूच्या डोक्यात ठेवून दिली होती आणि आज माझ्या तक्त्यात… तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अण्णांचा चेहरा कचेरीतून घरी येताना कधी बदलायचा नाही. त्यांनी उसळ पुन्हा मागितली. तिने वाढली. खरकटी वाटी उचलताना तिला दिसलं, की त्यांनी एकही दाणा टाकला नव्हता.

हात धुऊन अण्णा ओसरीवर गेले. बसून लिहायचा लाकडी तक्तपोस, दौत, टाक, मुख्याध्यापिकांसाठी घडी घातलेला कागद. "तुझा तक्ता आण गं," त्यांनी हाक मारली. "महिना पुरा झाला. एकदाच सगळा बघून टाकतो."

विजयाबाई भांडी आवरत होत्या. त्यांनी एकदा शरयूकडे पाहिलं, एकदा कॅलेंडरकडे, जिथे ती मघाशी उभी राहून आली होती. त्यांना कळलं होतं की नाही कुणास ठाऊक. "खोडरबर पाहिजे का?" त्या हळूच म्हणाल्या. "तिकडे फडताळात आहे."

शाई खोडरबराने जात नाही, हे पहिलं तिच्या मनात आलं. दुसरं हे, की न सांगताही चालेल. खरंच चालेल. इंदुताई बोलणार नाहीत. पुढल्या महिन्यात गुपचूप पुन्हा उसळ करता येईल, काही कारण काढून. चिठ्ठी आज जाईल, नाव शाळेत राहील, आणि तक्ता… तिने दारावरची टाचणी काढली. कागद खाली आला, कडकड वाजत. तिने तो जमिनीवर पसरला आणि पुढल्या महिन्याच्या चौकोनांवर बोट फिरवलं. फाल्गुन कृष्ण सप्तमी, म्हणजे आपली माघ वद्य. मंगळवार. त्या चौकोनात हिरव्या पेन्सिलीने होतं: भूमितीची चाचणी. पिठलं-भात.

आईच्या खऱ्या तिथीला मी पिठलं-भात लिहिला होता.

तिला हसू आलं, आणि ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, कागदावर दोन्ही हात टेकून. महिनाभर तिला वाटत होतं की चुकायचं नाही हीच परीक्षा आहे. काकू चुकत नव्हत्या, कारण काकूंचं कुणी पाहतच नव्हतं. त्यांनी कधी लिहून दारावर लावलं नाही, कुणाच्या सहीला ठेवलं नाही. मी लावलं. अडीच हात लांबीचं, लाल शाईत, वेलबुट्टीसकट.

तिने टाक बुडवला. आजच्या चौकोनावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. मंगळवारच्या चौकोनात भूमितीची चाचणी तशीच ठेवली, पिठलं-भात खोडला, आणि खाली लिहिलं: आईची तिथी. इंदुताई. सोलाणे दोन वाट्या, भरलेले. जागा अपुरी पडली म्हणून शेवटचा शब्द समासात गेला. मंगळवारी पहाटे पुरण घालून साडेदहाला भूमितीला बसायचं. कसं जमेल ते तिला अजून ठाऊक नव्हतं. पण डाळ आदल्या दिवशी शिजवून ठेवता येते, आणि प्रमेयं काय, पुरण वाटताना पाठ होतात…

ओसरीवर अण्णा टाक पुसत होते. तिने तक्ता त्यांच्यापुढे पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर दौत ठेवली.

"अण्णा, आज सही करायच्या आधी एकेक चौकोन वाचा. मी आज चुकले. म्हणजे महिन्यापूर्वीच."

अण्णांनी चष्मा घातला. त्यांचं बोट पहिल्या रकान्यावर ठेवलं गेलं आणि कचेरीतल्या सवयीने सरकू लागलं, सोमवार, मंगळवार, निळं, हिरवं, प्रत्येक ओळीशी थोडं थांबत. एरवी ती अशा वेळी पायाच्या अंगठ्याने फरशीची भेग उकरत असे. आता ती सरळ उभी होती, हात मागे, बोटं अजून चुरचुरत होती, आणि तिच्या लक्षात आलं की ते बोट त्या रेघेपर्यंत लवकर पोचावं असं तिला वाटतंय. त्यांनी ती पाहावी. वाकडी नव्हती ती. पट्टीशिवाय मारलेली होती आणि तरी अगदी सरळ.